चार टक्क्यांची फुले आणि तारखेचा भाव

४६ लाख लग्ने आणि साडेसहा लाख कोटी रुपये. कॉन्फेडरेशन ऑफ ऑल इंडिया ट्रेडर्स, म्हणजे 'कॅट' या व्यापारी संघटनेने १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर २०२५ या ४४ दिवसांच्या लगीनसराईसाठी दिलेला हा देशभराचा अंदाज आहे. २०२४ च्या हंगामासाठी याच संघटनेचा आकडा ४८ लाख लग्ने आणि ५.९ लाख कोटी रुपये असा होता. म्हणजे लग्ने ४.२ टक्क्यांनी घटली आणि खर्च १०.२ टक्क्यांनी वाढला. दर लग्नामागचा सरासरी खर्च १२.२९ लाखांवरून १४.१३ लाखांवर गेला. ही वाढ १५ टक्क्यांची आहे.

उंब्रजच्या मापात हा आकडा उसात मोजावा लागतो. कराड तालुक्यातले हे गाव पुणे-बेंगळुरू महामार्गावर, तारळी आणि कृष्णेच्या काठचे. इथे लगीनसराई आणि गळीत हंगाम एकाच वेळी सुरू होतात, आणि मंडपवाल्याचा इसार बऱ्याच घरांत कारखान्याच्या पहिल्या उचलीतून जातो. १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, २०२४-२५ मध्ये टनाला ३,४०० रुपये होती, २०२५-२६ मध्ये ३,५५० झाली. वाढ ४.४ टक्के. २०२४ मधले सरासरी लग्न ३६२ टन उसाचे होते, २०२५ मधले ३९८ टनांचे झाले. तोडणी-वाहतुकीची कपात यात धरलेली नाही. ती धरली तर टन आणखी वाढतील.

सरासरीवर मात्र इथे विसंबता येत नाही. 'कॅट'ने २०२४ साठी दिलेली फोड पाहा: १० लाख लग्ने प्रत्येकी ३ लाखांची, १० लाख ६ लाखांची, १० लाख १० लाखांची, १० लाख १५ लाखांची, ७ लाख २५ लाखांची, ५० हजार लग्ने ५० लाखांची आणि ५० हजार एक कोटी किंवा त्याहून जास्त खर्चाची. बेरीज केली तर बरोबर ५.९ लाख कोटी येते. चार गटांत नेमकी दहा-दहा लाख लग्ने बसतात, याचा अर्थ हे आकडे मोजलेले नसून बांधलेले आहेत. तरीही फोड उपयोगी आहे. खर्चाच्या क्रमाने लग्ने ओळीत उभी केली तर मधले लग्न १० लाखांचे निघते, १२.२९ लाखांचे नव्हे. खालच्या दोन गटांतली २० लाख लग्ने मिळून ९० हजार कोटी खर्च करतात आणि वरच्या दोन गटांतली १ लाख लग्ने ७५ हजार कोटी. सरासरी ओढली जाते ती वरून. तेव्हा इथून पुढे हिशोब ३, ६ आणि १० लाखांच्या लग्नांचाच.

या खर्चात सजावट किती? 'कॅट'च्या २०२४ च्या वाटणीत फुलांच्या सजावटीला ४ टक्के, मंडप-सजावटीला १० टक्के आणि दिवे-ध्वनीला ३ टक्के आहेत. तिन्ही मिळून १७ टक्के. दागिन्यांचा वाटा १५ टक्के आणि जेवणावळीच्या कंत्राटाचा १० टक्के. म्हणजे सजावट दागिन्यांपेक्षा दोन टक्क्यांनी पुढे आहे. दागिना उद्या गहाण टाकता येतो. मंडप त्याच रात्री सोडतात.

रुपयांत मांडले तर ३ लाखांच्या लग्नात फुले १२ हजारांची आणि एकूण सजावट ५१ हजारांची होते. ६ लाखांच्या लग्नात फुले २४ हजार, सजावट १ लाख २ हजार. १० लाखांच्या लग्नात फुले ४० हजार, सजावट १ लाख ७० हजार. हा शेवटचा आकडा २०२४-२५ च्या एफआरपीने ५० टन उसाइतका आहे. एकरी ४० टन उतारा धरला तर सव्वा एकराचे पीक, तेही खर्च वजा न करता. शुभमंगल सामूहिक विवाह योजनेत राज्य सरकार जोडप्यामागे १० हजार रुपये देत असे, आता २५ हजार देते. अडीचपट झालेले हे अनुदान ३ लाखांच्या लग्नाची निम्मी सजावटही भागवत नाही.

चार टक्के लहान वाटतात. पण ५.९ लाख कोटींचे चार टक्के म्हणजे २३,६०० कोटी. 'अपेडा' या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२३-२४ मध्ये भारताची फुले व शोभिवंत रोपांची संपूर्ण वर्षाची निर्यात ७१७.८३ कोटींची होती. त्याआधीच्या वर्षी ती ७०७.८१ कोटींची होती. रकमेत १.४ टक्के वाढ झाली, वजनात २१,०२४ टनांवरून १९,६७८ टनांपर्यंत, म्हणजे ६.४ टक्के घट. देशाचे उत्पादन त्याच वर्षी सुटी फुले २२.८४ लाख टन आणि दांड्याची फुले ९.४७ लाख टन. निर्यातीचे वजन या बेरजेच्या ०.६ टक्के भरते. फूलशेतीच्या प्रत्येक व्याख्यानात निर्यात येते; माल मात्र देवळात, सणात आणि मांडवात खपतो.

२३,६०० कोटींना ७१७.८३ कोटींनी भागले की ३३ पट येते. हे गुणोत्तर जसेच्या तसे घेऊ नये. निर्यातीचा आकडा मालाचा आहे आणि लग्नाचा आकडा डेकोरेटरच्या बिलाचा. या दोहोंतले अंतर किती, हे एक पडदा मोजून पाहिले की कळते.

स्टेज २० फूट रुंद आणि १० फूट उंच धरा. मागे झेंडूच्या माळा दर सहा इंचांवर सोडायच्या. माळा होतात ४१. सलग ओवलेल्या एका फुटात १२ फुले बसतात आणि एक फूल ८ ग्रॅमचे धरले, तर ४१ माळांना ४,९२० फुले लागतात, वजन ३९ किलो. दबलेला, भिजलेला दहा टक्के माल टाकून द्यावा लागतो, म्हणून खरेदी ४४ किलोंची. किलोला ४० रुपये भाव असेल तर झेंडू १,७६० रुपयांचा आणि भाव तिप्पट होऊन १२० वर गेला तर ५,२८० रुपयांचा. फरक ३,५२० रुपये. ४० हजारांच्या फुलांच्या बजेटमध्ये हा फरक ८.८ टक्के आहे. डेकोरेटर 'झेंडू तिप्पट झालाय' म्हणून १५ हजार वाढवून सांगत असेल, तर त्यातल्या साडेतीन हजारांचाच खुलासा झेंडू करतो. एखादे गेट आणि चार खांब आणखी मढवले, माल दुप्पट झाला, तरी खुलासा सात हजारांपर्यंतच पोचतो. बाकीचे पैसे ओवणाऱ्यांची मजुरी, सांगाडा, टेम्पो, रात्रीची बांधणी आणि डेकोरेटरचा नफा यांचे असतात. ते असू नयेत असे नाही. पण ते झेंडूच्या नावावर का टाकायचे?

जरबेऱ्याचा हिशोब वेगळा पडतो. तोच पडदा, २०० चौरस फूट. फूल चार इंचांचे धरले तर एका चौरस फुटात नऊ बसतात. पूर्ण झाकायला १,८०० फुले लागतात. पुण्याच्या मार्केट यार्डात झेंडू, शेवंती, गुलछडी किलोवर विकली जाते. डच गुलाब २० नगांवर. लिलियम आणि ग्लॅडिओलस १० काड्यांवर. जरबेऱ्याची गड्डीही दहाची. म्हणजे १८० गड्ड्या. गड्डी ४० रुपयांना असेल तर ७,२०० रुपये, १०० रुपयांना असेल तर १८ हजार. फरक १०,८०० रुपयांचा, म्हणजे त्याच ४० हजारांच्या बजेटच्या २७ टक्के. झेंडूचा भाव तिप्पट झाला तरी घर सोसते. जरबेरा अडीचपट झाला की बजेट मोडते. फूल निवडणे म्हणजे इतर काही असो वा नसो, भावाची जोखीम निवडणे नक्की असते.

या जोखमीचे कारण पॉलिहाउसमध्ये आहे. दहा गुंठ्यांत सुमारे ६ हजार रोपे बसतात. रोपाला वर्षाला ४० फुले धरली तर २ लाख ४० हजार फुले, दिवसाला ६५८. एका स्टेजचा पडदा हा एका पॉलिहाउसचा पावणेतीन दिवसांचा माल आहे. रोप मात्र पंचांग बघून फुलत नाही. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती आणि कार्तिकी २ नोव्हेंबरला. मधले ११९ दिवस, वर्षाचे ३२.६ टक्के, चातुर्मासाचे. या काळात त्या दहा गुंठ्यांत सरासरीने ७८ हजार फुले येतात. गणपती-नवरात्रात काही खपतात, पण तिथे मान झेंडू-शेवंतीचा. लग्नाच्या दिवशी गड्डीला द्यावा लागणारा भाव या ७८ हजार फुलांचाही खर्च भरून काढत असतो. शेतकरी चार दिवसांत कमावतो असे वाटते. तो वर्षाचा तोटा चार दिवसांत काढत असतो.

झेंडूला ही अडचण कमी आहे. लागणीपासून तोड्याला साठ-पासष्ट दिवस लागतात, त्यामुळे तारीख धरून लागण करता येते. पण सगळेच दसरा-दिवाळी धरून करतात. तुळशीच्या लग्नानंतर माल कमी-जास्त होतो तो या मागच्या लागणीमुळे, आणि मुहूर्त किती दाट आहेत यामुळे.

मुहूर्तांची दाटी हा या सगळ्या आकडेवारीतला सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. २०२३ च्या हंगामात, २३ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर, 'कॅट'ने ३८ लाख लग्ने आणि ११ मुहूर्त-दिवस सांगितले होते. २०२४ मध्ये ४८ लाख लग्ने आणि १८ दिवस. लग्ने २६ टक्क्यांनी वाढली, दिवस ६४ टक्क्यांनी. दर मुहूर्ताला पडणारी लग्ने ३.४५ लाखांवरून २.६७ लाखांवर आली, म्हणजे २३ टक्क्यांनी घटली. लग्ने दहा लाखांनी वाढूनही २०२४ चा एकेक दिवस २०२३ पेक्षा मोकळा होता. बाजारात भाव हंगामाच्या बेरजेने ठरत नाही, त्या पहाटे किती गाड्या आल्या आणि किती डेकोरेटर उभे आहेत यावर ठरतो. उंब्रजचा डेकोरेटर पुण्याच्या बाजारापासून सुमारे १४५ किलोमीटरवर आहे, कोल्हापूरपासून सुमारे ९०. बेंगळुरू-होसूरकडची डच गुलाबांची गाडी याच महामार्गाने त्याच्या दारावरून पुण्याकडे जाते. अंतर त्याची अडचण नाही. त्या दिवशी तोच माल पुणे, मुंबई आणि कोल्हापूर तिन्हीकडे हवा असतो, ही अडचण आहे.

२०२६ च्या पंचांगात या दाटीचा जास्त कडक नमुना आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. याआधीचा अधिक महिना २०२३ चा श्रावण होता. तो चातुर्मासातच पडला, त्यामुळे लग्नाचा एकही दिवस गेला नाही. या वेळचे ३० दिवस ऐन उन्हाळी लगीनसराईतून जातात. अक्षय्य तृतीयेपासून आषाढी एकादशीपर्यंत मोजले तर २०२५ मध्ये ३० एप्रिल ते ६ जुलै असे ६७ दिवस होते. २०२६ मध्ये १९ एप्रिल ते २५ जुलै असे ९७ दिवस. त्यातून अधिक महिन्याचे ३० वजा करता पुन्हा ६७. पंचांगाच्या हिशोबात काहीच कमी झालेले नाही.

मांडवाच्या हिशोबात झाले आहे. पुण्यात मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख १० जून आहे. उंब्रजसाठीही तीच धरू. मग २०२५ मध्ये अक्षय्य तृतीयेनंतर कोरडे दिवस ४१ अपेक्षित होते. २०२६ मध्ये अधिक सुरू होण्याआधीचे दिवस २८. उरलेले ३९ दिवस १६ जूननंतरचे, म्हणजे पावसातले. अपेक्षित कोरडे दिवस ३२ टक्क्यांनी घटले. यातल्या प्रत्येक दिवशी मुहूर्त नसतो, पण प्रमाण बदलत नाही: उघड्या लॉनवर लग्न करायचे असेल, तर तेवढीच घरे दोन तृतीयांश दिवसांवर हक्क सांगणार. एक विसंगती इथे नोंदवायला हवी. २०२५ मध्ये पाऊस ठरल्या तारखेला आलाच नाही. २६ मे रोजी तो पुण्यात होता. मोसमी पावसाआधीचे दिवस प्रत्यक्षात २६ च मिळाले, म्हणजे अधिक महिन्याने कापलेल्या २०२६ पेक्षाही दोन कमी. लॉनचे भाडे पंचांगावर आकारतात. नुकसान हवामान खाते सांगते त्यावर होते.

तारखेच्या या बाजारापुढे प्लास्टिकचे फूल उभे आहे आणि त्याचे खरे बळ स्वस्ताई नाही. पडद्याचा झेंडू साध्या दिवशी पावणेदोन हजारांचा पडतो, हे वर आलेच. प्लास्टिकचा भाव ४ डिसेंबरला आणि १४ डिसेंबरला एकच असतो, पाऊस पडला तरी तोच, आणि पडदा परत गोदामात जाऊन पुढच्या लग्नाला येतो. डेकोरेटर पैसे वाचवत नाही, धोका वाचवतो. शेतकऱ्याला नेमके तेच दुखते. जुलै २०२५ मध्ये कोरेगावचे आमदार महेश शिंदे यांनी विधानसभेत हा प्रश्न लक्षवेधीतून मांडला आणि फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी प्लास्टिक फुलांवर बंदी आणण्याचे सांगितले. ग्रोअर्स फ्लॉवर्स काउन्सिल ऑफ इंडिया या उत्पादकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केलेली आहे.

वादाचे मूळ एका यादीत आहे. केंद्राने १ जुलै २०२२ पासून बंद केलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंत सजावटीचे थर्माकोल आहे, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या आहेत, निमंत्रणपत्रिका आणि मिठाईच्या खोक्यांवरचे प्लास्टिकचे वेष्टन आहे, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ फलक आहेत. लग्नातल्या इतक्या वस्तू यादीत असून प्लास्टिकचे फूल त्यात नाही. थर्माकोलवर तर महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्येच बंदी घातली होती. म्हणजे मांडवाच्या पडद्यातला थर्माकोलचा मोर बेकायदा आणि त्याच पडद्यातला प्लास्टिकचा गुलाब केंद्राच्या यादीबाहेर, अशी स्थिती आहे. कारण दिले जाते ते फूल पुन्हा वापरता येते हे. ते खरेही आहे. प्लास्टिकचा धंदा चालतो तोच त्यावर.

करातही एक विसंगती आहे. ताजी फुले बाजारातून घेतली तर त्यांवर जीएसटी शून्य. तीच फुले सजावटीच्या कंत्राटातून आली की सेवेचा १८ टक्के कर लागतो. ४० हजारांवर ७,२०० रुपये. आपल्या पडद्याला लागणारा झेंडू तिप्पट भावाने घेतला तरी ५,२८० चा होता. फुलापेक्षा फुलावरचा कर महाग. सेवा पुरवणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून गावातल्या लहान डेकोरेटरच्या बिलात हा कर बहुधा दिसत नाही आणि शहरातल्या मोठ्याच्या बिलात दिसतो. दोन कोटेशन शेजारी ठेवताना आधी ही ओळ तपासावी. १८ टक्क्यांचा फरक कलेचा नसून नोंदणीचा असू शकतो.

उंब्रजच्या पंचक्रोशीतले सर्वांत मोठे लग्न या सगळ्या आकड्यांच्या बाहेर आहे. जवळच्या पाल गावी तारळीकाठी खंडोबा आणि म्हाळसेचे लग्न पौषात लागते, ज्या महिन्यात माणसे लग्ने टाळतात. त्या दिवशी मुहूर्ताला दुसरी गर्दी नसते, आणि सजावटीचा मुख्य माल हळदीचा भंडारा आणि खोबरे. दोन्ही टिकाऊ, आधी घेऊन ठेवता येणारे. हळदीची मोठी पेठ सांगलीत, शेजारच्याच जिल्ह्यात. भावाच्या जोखमीच्या दृष्टीने पाहिले तर यापेक्षा चोख नियोजन अवघड आहे. माणसांच्या हळदी समारंभाने नेमके उलटे केले: हळद चिमूटभर राहिली आणि तिच्या रंगाचा स्वतंत्र स्टेज आला, म्हणजे आणखी एक पडदा, आणखी ४४ किलो.

विधीला लागते किती? दोन हार, मुंडावळ्यांच्या दोन जोड्या, दाराचे तोरण, देवकाला आणि पूजेला सुटी फुले, बायकांना गजरे. सढळ हाताने धरले तरी आठ-दहा किलोंच्या पुढे जात नाही. एका पडद्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी. बाकी सगळे फोटोसाठी असते. त्यात गैर काही नाही, पण तो खर्च कमी-जास्त करता येतो, याची जाणीव कोटेशन घेताना हवी.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी पंचांगात त्या दिवशी मुहूर्त किती दाट आहे ते पाहावे, एकाच आठवड्यात दोन तारखा निघत असतील तर कमी दाट तारीख धरावी, मग फूल ठरवावे आणि शेवटी रंग. डेकोरेटरकडून 'फुलांची सजावट, एकूण' अशी एक ओळ घेऊ नये. झेंडू किती किलो, जरबेरा किती गड्ड्या, खरी फुले किती आणि प्लास्टिकची किती, मजुरी आणि वाहतूक किती, जीएसटी आहे की नाही, हे वेगवेगळे लिहून मागावे. आणि इसार देण्यापूर्वी मागावे.